बाबलकाकांचा चिरा

सायकल विकण्याआधी बाबलकाका गिऱ्हाइकाला दगड वाहायला लावायचे. मिठबावच्या तिठ्यावर त्यांचं दुकान होतं आणि दुकानाच्या दारात जांभ्याचा एक चिरा कायम पडलेला असे. सायकल पसंत पडली की काका तो चिरा कॅरियरला दोरीने बांधायचे आणि किनाऱ्याकडून वर येणाऱ्या रस्त्याकडे बोट दाखवायचे. "पयलो ह्यो चढ चढान ये. मगे काय ता बोलूया." सपाटीवर चार फेऱ्या मारून घेतलेली सायकल ते विकत नसत. म्हणत, "रिकामी गाडी कोणाचीय बरी चलता. आमच्यो बायका रिकाम्यो खंय जातत?"

बुटके, जाड भिंगांचा चष्मा, खिशात पाना आणि आवाज असा की पलीकडच्या टपरीवरचा माणूस मध्येच उत्तर देई. माझे वडील मच्छीमारांच्या हक्कांची पत्रकं लिहायचे. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. ती चिकटवायची जागा म्हणजे काकांच्या दुकानाचं शटर. काका पत्रक आधी मोठ्याने वाचायचे, मगच खळ लावू द्यायचे. एकदा वडिलांना म्हणाले, "निषेध एवढो मोठो नि करणाऱ्याचा नाव मुंगीएवढा. तुमी कोणाक भियतास काय?" त्यानंतर वडिलांनी आपलं नाव मोठ्या टाइपात घातलं.

साथीच्या काळात देशभर सायकली खपल्या. कारखान्यांना वाटलं, हे असंच चालणार. त्यांनी गोदामं भरली आणि गोदामं भरली म्हणून एजंट शोधत गावोगाव माणसं धाडली. त्यातलाच एक विजेची सायकल घेऊन तिठ्यावर आला. काकांनी तिच्यावर चिरा बांधला आणि स्वतःच खाली किनाऱ्यापर्यंत गेले. वर आले तेव्हा त्यांना धाप लागलेली नव्हती. त्यांनी चिरा सोडून दारात ठेवला. मग म्हणाले, "ही आमच्या बायकांची गाडी." घराच्या छपराचे वासे बदलायला त्यांच्या बायकोने, शोभाकाकीने, साठवलेले पैसे त्या एजन्सीत गेले.

आणि मग काका दारोदार फिरले. नको म्हणणाऱ्याला ते सोडत नसत, हा त्यांचा दोषच होता. सुगंधा माशांची पाटी घेऊन वरच्या वाड्यांवर पायी जायची. ती म्हणाली, "दादा, उद्या बंद पडली तर?" काका म्हणाले, "माझ्या तोंडाकडे बघून घे. मी आसंय मां." तिने घेतली. तिच्याकडे बघून इतरांनी घेतली.

वर्ष व्हायच्या आत तीच सायकल मोबाइलवर अर्ध्या किमतीत दिसू लागली, तीही घरपोच. सुगंधा पाटी उतरवून थेट दुकानात आली आणि तिने मोबाइल काकांसमोर धरला. "दादा, माझी गाडी इतक्यात म्हातारी झाली काय रे?"

कंपनीने काकांनाही काही कळवलं नव्हतं. चार दिवसांनी 'महाबचत' लिहिलेला मोठा फलक मात्र पोचला. तो त्यांनी उलटा करून सरपणावर टाकला.

मी त्यांच्याशी वाद घातला. स्वस्तात मिळतंय तर मिळू दे, गरिबांचं भलंच होईल, असं माझं म्हणणं. काका हातातलं चाक फिरवत राहिले. "चेडवा, तू बाजार उठताना कदी गेलंस? बर्फ संपलो की बांगडे अर्ध्यार येतत. बांगडो तोच आसता. पण ज्येका तो परत घरी नेऊक जमना नाय, तोच असो भाव सांगता."

"मग?"

"मगे काय. ह्या कंपनीचो बर्फ संपलो. बॅटरी गोदामात पडान पडान मरता, म्हणान आज ढकलतत. उद्या तेंका फोन केलो तर उचलतलो कोण?"

उचलला नाहीच कोणी. आधी 'थांबा' सांगणारी रेकॉर्डवरची बाई होती, मग तीही गेली. दुसऱ्या कंपनीची बॅटरी घालावी तर तिचा प्लग वेगळा. मला तेव्हा कळलं की इतकी मोठी सवलत गिऱ्हाइकासाठी नसते, गोदाम रिकामं करण्यासाठी असते. आधी विश्वास ठेवून पूर्ण किंमत देणाऱ्याला ती मूर्ख ठरवते, आणि शेवटी घेणाऱ्याच्या गळ्यात अनाथ यंत्र घालते. मधल्या दुकानदाराने दोघांच्या शिव्या खायच्या.

काकांच्या दुकानात काही सायकली न विकलेल्या उरल्या होत्या. फोंडाघाटचा एक व्यापारी टेम्पो घेऊन आला. सगळ्या अर्ध्या भावाने उचलतो, घाटावर खपवतो म्हणाला. शोभाकाकीने न सांगता चहा ठेवला. छपराचे पैसे पुरते नाही तरी निम्मे परत आले असते. काकांनी त्याला विचारलं, "थंय कोण घेतलो?"

"कोणीही घेईल. स्वस्त आहे."

"म्हणजे दुसरी सुगंधाच मां?"

टेम्पो रिकामा गेला. काकी एवढंच म्हणाली, "तुमचा तत्त्व कोरडा ऱ्हवता. पाणी गळता ता माझ्या चुलीर."

दुसऱ्या दिवशी सुगंधाची सायकल चढावर बंद पडली. बॅटरी आणि मोटर यांच्यामधला छोटा डबा, कंट्रोलर, जळला होता. काकांनी दुकानातली एक कोरी सायकल ओढली. तिच्या दांड्यावरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. ती उलटी केली, तिचा कंट्रोलर काढला आणि सुगंधाच्या सायकलला बसवला. सुगंधा कमरेचा बटवा सोडू लागली तर म्हणाले, "पार्टाचे नको. पार्ट माझ्या तोंडाचो. मजुरी दी, ती हाताची आसा."

त्यानंतर एकेक कोरी सायकल अशीच सुटत गेली. कोणाला बॅटरी, कोणाला चार्जर, कोणाला ब्रेकची तार. तिठ्यावर लोक हसायचे. "बाबल्या नयो गाडयो मोडून जुन्यो चलयता." काका त्या हसणाऱ्यांना चहा पाजायचे.

मी पत्रक लिहिलं. कंपनीला लुटारू म्हटलं, आजही म्हणते. काकांनी शटरसमोर उभं राहून ते मोठ्याने वाचलं. "'लुटारू' बरा लिवलंस. पण माझा नाव खंय आसा हेच्यात?"

"तुमचं कशाला?"

"तेंच्यो गाडयो दारादारार कोणी नेल्यान?"

मी नाव घातलं नाही. शटरवर लावलेल्या प्रतीवर कंपनीच्या नावाखाली त्यांनी पेनाने मोठ्या अक्षरात लिहिलं, 'आणि बाबल'. माझ्या मते ते चुकले. ज्यांनी पैसा केला त्यांनी आपलं नाव कुठेच लिहिलं नाही आणि ज्याचं छप्पर गेलं त्याने लिहिलं. पण ते पत्रक मी फाडू शकले नाही.

गेल्या थंडीत काका झोपेतच गेले. दुकानात एकच कोरी सायकल उरली होती. बारावं झाल्यावर फोंडाघाटचा व्यापारी पुन्हा आला. या वेळी त्याने भाव थोडा वाढवला. काकी म्हणाली, "संध्याकाळी सांगतंय." तिने ती विकावी असं मलाही वाटत होतं. छप्पर अजून तसंच होतं.

दुपारी सुगंधा सायकल हाताने ढकलत तिठ्यावर आली. दुकानासमोरून न थांबता जाऊ लागली. काकीने हाक मारली.

"कित्याक ढकलतस गो?"

"अशीच, वयनी. वाईच चलूचा वाटला."

"पाटी भरलेली नि तुका चलूचा वाटला?"

काकीने शटर वर केलं. काकांचा पाना शोधला, कोरी सायकल उलटी केली. इतकी वर्षं तिने हे काम शिव्या देत, पण बघत काढली होती. हात हळू चालत होते. मध्ये एकदा तिने स्क्रू तोंडात धरला, अगदी काका धरायचे तसा. व्यापारी समोरच्या टपरीवर चहा पीत बघत होता. थोड्या वेळाने त्याने टेम्पो वळवला.

काम झालं तसं काकीने पाटी उतरवायला लावली. आम्ही दोघींनी चिरा उचलून कॅरियरवर बांधला.

"पयलो चढ चढान ये," काकी म्हणाली.

सुगंधा खाली गेली आणि चढावरून वर आली. काकी चढाकडे पाठ करून, मान कलती करून मोटरचा आवाज तेवढा ऐकत उभी होती. मग तिने दोरी सोडली. चिरा पुन्हा दारात ठेवला. सुगंधाने बटव्याला हात घातला.

"पार्टाचे नको," काकी म्हणाली. "मजुरी दी."