नसलेल्या जेवणाची प्रार्थना

गेल्या महिन्यात ताईच्या घरी मी प्रार्थना केली, आणि शेवटी समोर नसलेल्या जेवणावर आशीर्वाद मागून मोकळा झालो.

आमच्यात प्रार्थना डोळे मिटून, आपल्या शब्दांत करायची असते. पाठ केलेलं म्हणायचं नाही, असा आमच्या घरचा दंडक. पण लहानपणापासून दोन वेळच्या ताटावर माणूस आपल्या शब्दांत बोलत राहिला की ते शब्द आपोआप पाठच होतात. त्यात मी पाल्हाळिक. कोपरच्या आमच्या घरी मी डोळे मिटले की बायको वरणाचं पातेलं पुन्हा गॅसवर ठेवून येते. चर्चमध्ये मात्र लांब प्रार्थनेला मान आहे. म्हणून तर पाळक मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुम्ही ताईंचे सख्खे भाऊ. तुम्हीच जा. प्रभूची प्रीती त्यांना पुन्हा जाणवू दे, एवढं मागा."

ताई माझी मोठी बहीण. बाळकुमला एका टॉवरमध्ये राहते. भाऊजी फार पूर्वीच गेले, आणि गेल्या पावसाळ्यात तिचा एकुलता एक मुलगा डेंग्यूने गेला. लग्न ठरलं होतं त्याचं. तो दवाखान्यात होता तेव्हा आम्ही सगळ्यांनी उपास धरला, जिन्यात उभं राहून प्रार्थना केल्या, वॉचमनने हाकललं तर खाली पार्किंगमध्ये केल्या. तो गेला. दफनाच्या वेळी ताईने सगळी गीतं म्हटली, वरच्या पट्टीत, कुठेही न अडखळता. आम्ही एकमेकांना म्हणालो, काय विश्वास आहे बाईचा! त्यानंतर ती चर्चला आलीच नाही. आम्ही नाताळला केक पाठवला, ईस्टरला फोन केला. ती "बरं" म्हणायची.

तर रविवारी उपासना आटोपून आम्ही नवराबायको गेलो. दार उघडायला तिला बराच वेळ लागला.

"पाळकांनी पाठवलं ना?" ती म्हणाली.

"नाही गं, सहजच आलेलो."

"अरे, थाप मारताना तू अजून कान खाजवतोस."

मी कानावरचा हात खाली घेतला. रविवारी दुपारी तिच्या घरात मटणाच्या रश्शाचा वास यायचा. त्या दिवशी कसलाच वास नव्हता. हे बायकोला आत शिरताच कळलं. मी मनात प्रार्थनेची जुळवाजुळव करत होतो.

"प्रार्थना करू या, ताई?"

"कर बाबा. तुला आवडतं."

मी डोळे मिटले. सुरुवात झकास झाली. तुझी प्रीती अथांग आहे, तू आम्हांला सोडत नाहीस, असं म्हणत गेलो, आणि म्हणता म्हणता लक्षात आलं की आत काहीच नाहीये. पाणीकपातीच्या दिवशी नळ सोडावा आणि नुसती हवा फुसफुसावी, तसं. पोराचा चेहरा आठवत होता, प्रीती आठवत नव्हती. पण तोंड थांबवायची मला सवय नाही. आतून काही येईना, तेव्हा जीभ आपल्या ओळखीच्या वाटेने निघाली. तू रोजची भाकर देतोस, समोर वाढलेलं हे अन्न आशीर्वादित कर, आणि ज्या हातांनी ते रांधलं त्या हातांना बळ दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.

बायकोचं आमेन आलं नाही. डोळे उघडले. टीपॉयवर रिमोट होता, गोळ्यांची पट्टी होती आणि बिस्किटाचा फाटका पुडा. ताई आपल्या हातांकडे बघत होती.

"अन्न कुठाय रे?"

"सवयीने गेलं गं तोंडातून."

ती चक्क हसली. मला वाटलं, चला, आपल्या बावळटपणातून का होईना, देवाने काम केलं.

"तो गेल्यापासून मी रांधलेलंच नाही," ती हसतच म्हणाली. "त्याच्या डब्यावर रोज सकाळी प्रार्थना करायचे मी, झाकण लावायच्या आधी. उशीर होतोय म्हणून ओरडायचा. आता बळ घेऊन काय करू या हातांना?"

तिचं हसू कधी संपलं ते कळलंच नाही.

"देवाने आपल्यावर प्रीती केली, म्हणून आपणही करायची. मीच शिकवलंय ना संडेस्कूलला? तुझ्या पोरीला पण शिकवलं. नाही म्हणत नाही मी, असेल त्याची प्रीती. पण परत काय देऊ? माझ्याकडे प्रीती करायला जे होतं, ते त्यानेच नेलं."

वचनं मला भरपूर येतात. लग्नात, बारशात, कुणी विचारलं नाही तरी मी सांगतो. त्या दुपारी मी बिस्किटाच्या पुड्याचं फाटकं टोक दुमडत बसलो.

बायको उठून स्वयंपाकघरात गेली. तांदळात किडे झाले होते. ते तिने खिडकीच्या उजेडात बसून निवडले, धुऊन मऊ भात केला, वर मीठ आणि तूप घातलं. ताईने दोन घास खाल्ले. "छान झालाय," म्हणाली, परक्या घरी पाहुणी म्हणते तसं, आणि ताट सारलं. खरंखुरं जेवण समोर होतं आणि त्यावर प्रार्थना करायची मला आठवणसुद्धा झाली नाही.

निघताना ताई सोफ्यावरूनच म्हणाली, "पाळकांना सांग, जाऊन आलो म्हणून. मी येणारे असं मात्र सांगू नकोस."

बस कापूरबावडीला अडकली ती अडकलीच. मी खिडकीकडे तोंड करून बसलो. ताईचा विश्वास शोधायला गेलो होतो आणि माझ्याच खिशात हात घातला तर तिथेही काही नव्हतं. ती निदान तसं बोलली तरी. मी पुढच्या रविवारी पुन्हा पहिल्या बाकावर बसणार, पुन्हा अथांग म्हणणार.

खोपट आल्यावर न राहवून बायकोला म्हणालो, "सगळी माती केली ना मी? आज तरी नीट प्रार्थना करायला हवी होती."

"मी ऐकलीच नाही तुमची प्रार्थना," ती म्हणाली. "डोळे उघडेच होते माझे. ताईंच्या पायांची नखं बघितलीत? वाकवत नाही वाटतं त्यांना. नखं अशी वाढलीत की चपलेत पाय जात नाही. शनिवारी नेलकटर आणि चांगले तांदूळ घेऊन जाते मी. तुम्हाला यायचं असेल तर या. पण बोलू नका."