बहिणीला सांगितलेली हातचलाखी

मोठ्या बहिणीच्या छातीत गाठ झाली तेव्हा मी ब्रह्मपुरीला मराठी शिकवत होतो. तिच्या गावचा पुजारी दर मंगळवारी ती जागा हळदीने चोळायचा, हात फिरवायचा आणि रक्ताळलेलं हाड काढून दाखवायचा. "करणी निघून राह्यली," म्हणायचा. ऐकून माझं डोकंच फिरलं.

मी ती विद्या शिकून घेतली. हाड बोटांच्या बेचक्यात दडवायचं, तळव्याला चुन्याची निवळी लावायची. हळदीला चुना लागला की लाल होतं. झालं रक्त! एका रविवारी तिच्या अंगणात, चारचौघांसमोर, मी भाऊजींच्या पोटातून हाड काढलं.

मग माझ्यातला मास्तर सुटला. म्हटलं, याला हातचलाखी म्हणतात. चलाख शब्द फारसीतला, मुळात त्याचा अर्थ नुसता चपळ, धानाच्या रोवणीतल्या बाईचा हात असतो तसा. लबाडी त्याला मागून चिकटली. यात देव नाही न् करणी नाही. चल चंद्रपूरला, दवाखान्यात.

ती माझ्या हातांकडे टक लावून पाहत होती.

"भाऊ, पुजाऱ्याले अर्धा घंटा लागते. तू तं चुटकीत काढलं. तुया हातात गुण आहे. मायी बी गाठ काढून दे ना."

"अवं बाई, खोटं आहे हे! आत्ताच सांगितलं ना?" मी ओरडलोच. हाड दाखवलं, चुना दाखवला. ती पदर सावरून घरात गेली. मीही तणतणत बस पकडली. मंगळवारी ती पुन्हा पुजाऱ्याकडे.

तेव्हाच हाड काढल्याचं सोंग केलं असतं, 'उरलेलं डॉक्टर काढते, मी संग येतो' म्हटलं असतं, तर ती निमूट चंद्रपूरच्या जीपमध्ये बसली असती. पण मला खरं बोलायची खाज, शब्दाचं मूळ सांगायची हौस! आग लागो त्या शहाणपणाला.

काही महिन्यांनी चंद्रपूरला नेली तेव्हा गाठ फुटली होती. "इतके दिवस काय करत होता?" डॉक्टरांनी मलाच विचारलं.

तिच्या तेरवीच्या पंगतीत बायका माझ्यादेखत बोलत होत्या. भावाच्या हातात गुण होता म्हणे. भाटव्याचं, म्हणजे भाऊजींचं, काढलं, सख्ख्या बहिणीचं नाई काढलं. भाऊजी माझ्या शेजारीच जेवत होते. हाड, चुना त्यांनीही पाहिला होता; ते काहीतरी बोलतील म्हणून मी थांबलो. त्यांनी भात कालवला आणि माझ्याकडे न बघता खाऊ लागले.