वन्संबरोबर नाल्यावर

नणंद म्हणजे भावजयीच्या स्वयंपाकाला नावं ठेवणारी बाई, असा ज्यांचा समज आहे त्यांनी एकदा आमच्या वन्संना भेटावं. माझ्या स्वयंपाकाकडे त्यांनी आजवर ढुंकूनही पाहिलेलं नाही. त्यांचं सगळं लक्ष मोरीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याकडे. राज्याच्या प्रदूषण खात्यात त्या अधिकारी आहेत. वन्संचे यजमान फौजेत होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी लखनौच्या तेलीबागेत घर बांधलं, पुढे ते वारले, आणि साताऱ्याच्या वन्सं एकुलत्या एका लेकीला घेऊन इथल्याच होऊन राहिल्या. यांच्या बँकेने आम्हाला इकडे धाडलं तेव्हा मला हायसं वाटलं होतं, की चला, परमुलखात आपलं माणूस आहे. माणूस आपलंच होतं, पण असलं माणूस मी जन्मात पाहिलं नव्हतं.

आम्ही लखनौच्या महानगर नावाच्या वस्तीत बिऱ्हाड मांडलं त्याच आठवड्यात वन्संचा फोन आला. "अगं, रविवारी सहलीला जाऊ. पुऱ्या-भाजी करून घे आणि साडी जरा बरी नेस." मी हौसेने रेशमी साडी नेसून निघाले आणि तासाभराने एका कारखान्याच्या मागच्या नाल्याकाठी उभी राहिले! वासाने डोळ्यांना पाणी, हातात पुऱ्यांचा डबा, आणि वन्सं शांतपणे म्हणतायत, "हस जरा. फोटो काढतेय असं वाटू दे." मागून कळलं ते असं. खात्याची गाडी वळणावर दिसली की फाटकावरचा पहारेकरी आत फोन करतो, आणि महिनोन्महिने झोपलेली पाणी शुद्ध करायची यंत्रं घरघरायला लागतात. साहेब आत पोचेपर्यंत सगळं स्वच्छ. म्हणून वन्संनी ही युक्ती काढलेली: आधी भावजयीला घेऊन भटकायला आल्यासारखं जायचं, खरं काय ते डोळ्यांनी पाहायचं, आणि मग कोपऱ्यावर थांबवलेल्या गाडीला बोलवायचं. पहारेकरी बिचारा आमच्यामागे धावत आला. "बहनजी, यहाँ कहाँ पिकनिक मना रही हैं?" वन्सं गोड हसून म्हणाल्या, "भैया, भाभी नई-नई आई हैं, इन्हें थोड़ी हरियाली दिखा रहे हैं." हिरवं तिथे एकच होतं, ते म्हणजे नाल्याचं पाणी. त्यानंतर माझ्या किती रविवारांचा चिखल झाला ते विचारू नका.

बरं, खात्यात माणसं मोजकी, गाडी एक, आणि तक्रारी साऱ्या शहराच्या. कुणाला शेजाऱ्याचा जनरेटर नको, कुणाला ढाब्याचा धूर. नोटीस द्यावी तर कारखानदार स्थगिती आणतो, टाळं लावावं तर कुणातरी नेत्याचा फोन येतो. असा एक फोन आमच्याकडे जेवताना आला. वन्संनी डाव्या हाताने तो कानाला लावला, बराच वेळ "जी, जी" केलं आणि म्हणाल्या, "बिल्कुल, नेताजी. आप उस नाले का एक गिलास पी लीजिए, हम नोटिस वापस ले लेते हैं." माझ्या हातातला डाव वरणात पडला. वन्सं म्हणाल्या, "मीठ कमी आहे का गं?" माझ्या स्वयंपाकावर त्यांनी दिलेला तेवढाच काय तो अभिप्राय!

एवढं असूनही भाचीचं लग्न ठरायची वेळ आली तेव्हा मी निर्धास्त होते. मुलगा तिच्याच ऑफिसातला, लखनौचाच. दोघांचं कधीपासून जमलेलं. त्याच्या वडिलांचा कापड रंगवायचा छोटा कारखाना होता, घराच्या मागच्याच अंगणात. भाचीने निघताना आईला शपथ घातली, "मम्मी, आज आप अफ़सर नहीं हैं. प्रॉमिस?" वन्संनी ठेवणीतली साडी नेसून लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आज मी फक्त आई." आणि खरंच, दोन तास त्या नुसत्या आई होत्या. चहा झाला, मिठाई झाली, साखरपुड्याचा महिना ठरला. मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

पण मुलाच्या वडिलांना उत्साह फार! "बहनजी, आप ही के विभाग के डर से मशीन लगवाई है, देख तो लीजिए," म्हणत त्यांनी स्वतःच आम्हाला मागच्या अंगणात नेलं. पाणी शुद्ध करायचं ते यंत्र सुरेख होतं. कपाळाला गंध लावावा तसा कुंकवाचा टिळा, आणि पाणी आत सोडायच्या चाकाला झेंडूची माळ गच्च गुंडाळलेली. काय भक्ती, म्हणून मी भारावलेच. वन्संनी माळेतलं एक फूल चिमटीत धरलं. त्याचा भुगा झाला.

"भाईसाहब, ये माला कब की है?"

"विश्वकर्मा पूजा की, बहनजी. बड़ी श्रद्धा से करते हैं हम लोग."

यंत्रांची ती पूजा असते भाद्रपदात, आणि आम्ही गेलो होतो होळीच्या तोंडावर. वन्सं हळूच म्हणाल्या, "मतलब तब से पहिया घूमा ही नहीं." मुलाच्या वडिलांचा चेहरा उतरला. मुलगा खाली बघू लागला. भाची पांढरीफटक पडली, आणि मी मागून वन्संचा पदर ओढला. हे आत्ता, इथे, लेकीच्या सोयरिकीत?

परतताना गाडीत भाचीने एकच विचारलं, "एक दिन आँख बंद कर लेतीं तो क्या हो जाता, मम्मी?" वन्सं समोर रस्त्याकडे पाहत म्हणाल्या, "येताना त्यांच्या घरामागचा हातपंप पाहिलास? बायका पाणी भरत होत्या, बाळा. कापडाचा रंग उतरला होता त्यात." भाची रडली नाही.

दुसऱ्या दिवशी वन्संनी आपल्या वरच्या साहेबांना सांगितलं, तिथे माझ्या लेकीची सोयरीक जुळते आहे, तेव्हा तपासणी दुसऱ्या कुणीतरी करावी. दुसऱ्यांनी केली. यंत्र नीट चालेपर्यंत कारखाना बंद राहिला, आणि त्या घरचा निरोप आला की हे लग्न होणे नाही. मुलाने बापापुढे तोंड उघडलं नाही. भाची महिन्याभरात बदली मागून बंगळूरला निघून गेली. जाताना माझ्या गळ्यात पडली, आईला नुसता नमस्कार केला. वन्संवर मी त्या वेळी फार रागावले होते. आजही पूर्ण राग गेला आहे असं नाही. पण तो हातपंप मीही पाहिला होता, आणि मला काही दिसलं नव्हतं.

आता भाची दर रविवारी मला फोन करते, आणि वन्सं नेमक्या त्याच वेळी तेलीबागेहून माझ्याकडे येऊन बसतात. मी फोन स्पीकरवर ठेवते. भाची विचारते, "मामी, दवा टाइम पर ली जा रही है न?" कुणाची ते ती म्हणत नाही. मी "हो गं" म्हणते, आणि वन्सं मान हलवतात. दोघी एकमेकींना ऐकतात, बोलतात मात्र माझ्याशीच.

गेल्या रविवारी दारावर भाजीवाला आला म्हणून मी उठले. परत आले तर फोन वन्संच्या हातात, स्पीकर बंद केलेला. लाल दिव्याच्या मोटारीला न भिणारी ही बाई एवढ्याशा फोनपुढे घाबरून बसली होती. शेवटी तो कानाला लावून म्हणाल्या, "जेवलीस का गं?"

वन्संनी फोन कानापासून दूर धरला, चालू आहे ना ते बघितलं, आणि पुन्हा कानाला लावला.