काचेचा मान

माझ्या मावशीला तिच्या दुकानात सगळे भिंगमावशी म्हणायचे. चष्म्याचं दुकान होतं ते. पुढे आरसे, फ्रेमा आणि मालकांचं गोड बोलणं. मागे लाकडी पडद्याआड, खिडकीला लागून, तिचं टेबल. तिथे ती तीस वर्षं बसली. डोळ्याला भिंग लावून तिळाएवढे स्क्रू पिळायचे, तुटलेल्या काडीला डाग देऊन जोड सांधायचा, काच घासून चौकटीत बसवायची. "मी बसले नव्हते हो त्याच्यावर, आपोआप मोडला," असं सांगणारी माणसं तिने इतकी पाहिली होती, की मोडक्या चष्म्याकडे एक नजर टाकून ती म्हणायची, "डाव्या अंगाने बसलात."

स्वतःच्या अंगावर तिने कधी दागिना म्हणून काही घातलं नाही. कान मोकळे, गळा मोकळा. काका रेल्वेत तिकीट तपासनीस होते. आयुष्यभर लोकांच्या थापा ऐकून त्यांना सगळ्याच गोष्टींची थट्टा करायची सवय लागली होती. ते म्हणायचे, "हिचा एकच दागिना, भिंग. तोही दुकानाचा."

मावशी एक्कावन्न वर्षांची असताना फ्रेमा बनवणाऱ्या एका कंपनीचं पत्र आलं. नव्या तऱ्हेच्या बिजागऱ्या शिकवायला ते दुकानादुकानांतल्या कारागिरांना फ्रान्सला बोलावणार होते. मालकांनी लगेच नवा कोट शिवायला टाकला. पण पत्रात साफ लिहिलं होतं, की जो स्वतःच्या हाताने दुरुस्ती करतो त्यानेच यावं. मालकांनी आपल्या मऊ बोटांकडे पाहिलं आणि पडद्यामागे जाऊन म्हणाले, "मावशी, पासपोर्ट काढा."

चार दिवस शिकण्यात गेले. पाचवा मोकळा होता. बाकीचे कारागीर खरेदीला गेले, मावशी एकटीच फिरायला निघाली आणि पावसात सापडली. समोर एक जुनी हवेली होती, तिचं संग्रहालय केलेलं. पाऊस ओसरेपर्यंत उभं राहू म्हणून ती आत शिरली आणि संध्याकाळी दारं लावायची वेळ झाली तेव्हा बाहेर पडली.

आत एका कपाटात जुन्या फ्रेंच बायकांचे दागिने मांडले होते. कपड्याला टोचायचे, रिबिनीच्या गाठीसारखे ब्रोच, द्राक्षांच्या घोसासारखी कानातली, गळ्याला घट्ट बसणाऱ्या नाजूक साखळ्या. सगळ्यांत पुढे एक फूल होतं, पांढऱ्या खड्यांचं. मावशी वाकून वाकून बघत राहिली. तिथला पहारेकरी म्हातारा होता. चोरबीर तर नाही ना म्हणून तो आधी जवळ येऊन उभा राहिला, पण तिच्या खिशातून भिंग निघालं तशी त्याची कळी खुलली. तिने खड्यांकडे बोट दाखवून विचारलं, "हिरे?" त्याने नाही म्हणून मान हलवली. मग तिला खिडकीपाशी नेलं आणि तावदानावर नखाने टकटक केलं.

काच!

"मला ना, रडूच आलं," ती आम्हाला सांगत होती. "इतकी वर्षं काचेतच हात घातलाय. काच म्हणजे पुसायची, बसवायची, तडा गेला की फेकायची. तिचा असा मान कोणी ठेवला असेल, हे मला ठाऊकच नव्हतं."

परत आली ती संग्रहालयाच्या तिकिटाच्या मागे, हॉटेलच्या कागदी रुमालांवर, विमानातल्या पिशवीवर काढलेली चित्रं घेऊन. बिजागऱ्यांची वही त्यांच्याखाली कुठेतरी होती.

मग तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाचा अर्धा भाग गेला. पितळेची तार, कानस, छोटी पक्कड, आणि घासून घासून कंगोरे पाडलेले काचेचे तुकडे. पहिलं फूल झालं ते अगदीच मरगळलेलं. काका म्हणाले, "हे फूल आहे की औषधाची गोळी?" मावशीने आठ दिवस त्यांच्याशी अबोला धरला. मग एकदा चॉकलेट खाताना त्याच्या चंदेरी कागदावर तिची नजर अडकली. कागद नखाने गुळगुळीत करून तिने काचेच्या तुकड्याखाली धरला, आणि तुकडा लखकन पेटला. त्या दिवसापासून घरातल्या सगळ्यांना चॉकलेट खायची सक्ती झाली. मी तेव्हा कॉलेजात होते. माझी काही तक्रार नव्हती.

सुट्टीत ती दोघं काकांच्या पासावर गाडीने फिरायची. लोक डोंगर बघायचे, ही जुन्या बाजारांत मोडकी झुंबरं आणि कोटांची बटणं शोधायची. त्यातूनच एका गावच्या बाजारात जुन्या वस्तूंचा एक दुकानदार भेटला, आमच्याच शहरात दुकान असलेला. त्याने तिचं काम पाहिलं आणि दर महिन्याला घरी येऊन चार-पाच नग विकायला नेऊ लागला. बोलायला साखर. "ताई, तुमच्या हाताला तोड नाही," म्हणायचा. मावशी लाजून आत चहा ठेवायला जायची.

असं दीड वर्ष चाललं. मग एके दिवशी दुपारी चष्म्याच्या दुकानात एक निवृत्त शिक्षिका आल्या. शहराच्या पलीकडच्या टोकाला राहायच्या त्या, मावशीच्या दुरुस्तीचं नाव ऐकून आल्या होत्या. रागाने कानशिलं लाल झालेली. मालकांनी त्यांना मागे पाठवलं. मी त्या दिवशी मावशीचा रिकामा डबा न्यायला गेले होते, म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

बाईंनी रुमालाची पुरचुंडी सोडून टेबलावर ठेवली. आत पांढरं फूल होतं.

"मला एवढंच सांगा," बाई म्हणाल्या, "याच्या पिनेला लावलेला हा स्क्रू चष्म्याचा आहे की नाही? माझ्या ओळखीचे एक जाणकार म्हणतात, आहे. आणि ज्याने मला हे विकलं तो म्हणतो, दोनशे वर्षांपूर्वीचं फ्रेंच आहे. कपाटात तशी पाटीसुद्धा लावली होती. नोकरी संपल्यावर मी स्वतःला दिलेली भेट आहे हो ही! तुम्ही लिहून द्या, मी त्याला सोडणार नाही."

मावशीला खोटं बोलता आलं असतं. 'मला काय ठाऊक' म्हणाली असती तरी भागलं असतं. तिने डोळ्यावरचं भिंग काढून बाजूला ठेवलं.

"स्क्रू चष्म्याचाच आहे," ती म्हणाली. "मीच लावलाय. त्याने पीन सैल होत नाही. फूलही मीच केलंय, गेल्या वर्षी. पण पाटीचं मला माहीत नव्हतं, बाई. खरंच माहीत नव्हतं."

बाई स्टूल ओढून बसल्या. "तुम्ही? इथे?"

"इथे नाही, घरी. स्वयंपाकघरात."

"आणि ही चमक?"

"चॉकलेटचा कागद."

बाई जे हसत सुटल्या, ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मावशी मात्र हसली नाही. तिने मालकांकडे जाऊन अर्ध्या दिवसाची रजा मागितली. तीस वर्षांत तिने अशी मागितलेली ती पहिलीच रजा, म्हणून मालकांनी घाबरून विचारलं, "घरी सगळं ठीक ना?"

आम्ही तिघी त्या दुकानात गेलो. काचेच्या कपाटात मावशीचे सहा नग होते. कशाखाली 'सरदारघराण्यातील' अशी पाटी, कशाखाली 'अठरावे शतक'. दुकानदार गडबडला, पण वरमला नाही. "ताई, लोकांना जुनंच हवं असतं. मी तुमच्या कामाला इज्जतच दिली ना?"

"माझ्या कामाला नाही," मावशी म्हणाली. "कुठल्यातरी मेलेल्या माणसाच्या कामाला दिलीत."

एरवी तोंडाला कुलूप घालून बसणारी माझी मावशी. पण त्या दिवशी तिने एकेक नग काढून माझ्या हातातल्या रिकाम्या डब्यात भरला. मग बाईंकडे वळून म्हणाली, "यांचे पैसे परत करा."

दुकानदाराने गल्ला उघडला. बाईंनी पैसे घेतले, पण फूल काही दिलं नाही. बाहेर आल्यावर ते पैसे त्यांनी मावशीच्या हातात कोंबले. "खोटी पाटी होती," त्या म्हणाल्या. "फुलाने मला काय केलंय? एक करा मात्र. याच्या मागे तुमचं नाव कोरून द्या."

मावशीने ते काम चार दिवस टाळलं. पगाराची वही आणि पासपोर्ट सोडले तर तिने कुठे सही केली नव्हती. शेवटी कोरलं, तर पहिलं अक्षर तिरकं गेलं. ती हळहळत राहिली, बाईंना मात्र तेच अक्षर आवडलं.

मालकांनी पुढच्या भागातलं एक कपाट तिला दिलं. त्यावरची पाटी बाईंनी आपल्या वळणदार अक्षरात लिहून दिली: 'काच आणि पितळ. याच वर्षी, हाताने केलेले.' लोक चष्म्याला यायचे आणि फूल लावून जायचे. बाई तर घरच्याच झाल्या. सुट्टीच्या फिरतीत आता तिघं असतात, आणि झुंबरांच्या भावासाठी घासाघीस बाई करतात. काका म्हणतात, "शिकवण्यापेक्षा त्यांना हेच जास्त जमतं."

मला पहिली नोकरी लागली तेव्हा मावशीने मला कानातली केली, द्राक्षांच्या घोसाची. सहा महिन्यांत त्यातलं एक मी कुठेतरी पाडून आले. उरलेलं एक मी रडत रडत तिच्यापुढे धरलं.

"अगं, रडतेस काय?" ती म्हणाली. "बस. चहा कर आधी."

चहा होईपर्यंत तिने तार वाकवायला घेतली होती. नवं कानातलं जुन्यासारखं झालंच नाही. त्यात एक मणी जास्त आहे, आणि रंग जरा गडद. मी तसं म्हटलं, तर तिने माझी हनुवटी धरून मान आधी इकडे, मग तिकडे वळवली, आणि म्हणाली, "तुझे कान तरी कुठे सारखे आहेत?"