न विचारता कापलेला बंपर

नाशिकहून लग्न होऊन कुवेतला आली तेव्हा शर्मिला पिंगळेला सायकलही धड चालवता येत नव्हती. कितीतरी वर्षं ती दुसऱ्यांच्या गाडीतून फिरली. ऑफिसला मैत्रिणीच्या, भाजीला नवऱ्याच्या, आणि दोन्ही नसल्या की घरातच. मग हट्टाने ड्रायव्हिंग शिकली, परीक्षेत दोनदा आपटली, शेवटी पास झाली आणि स्वतःच्या पगारातून एक जुनी पांढरी जीप घेतली. सलवा भागातल्या घरून कुवेत सिटीतल्या ऑफिसला एकटीने जायचं, येताना वाटेल तिथे थांबायचं. या सुखाबद्दल ती कुणाशी बोलत नसे. पण जीपवरची धूळ पुसायला तिने कधी दुसऱ्याला सांगितलं नाही.

तिचा नवरा जयदीप तेल कंपनीत इंजिनिअर. यंदाच्या थंडीत त्याने आणि त्याचा मित्र सुधीरने मिळून आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली एक जुनी मोटरहोम घेतली. ते धूड वाळवंटात उभं केल्यावर हिंडायला छोटी गाडी हवी, म्हणून मोटरहोमच्या मागे जीप जोडायची आणि तिच्याच चार चाकांवर ओढत न्यायची, असं दोघांनी परस्पर ठरवूनही टाकलं. शर्मिलाला सांगितलं एवढंच, ‘सर्व्हिसिंगला टाकतोय.’

गाडी येईना, तेव्हा ती ऑफिसातून टॅक्सी करून थेट फहाहीलच्या गॅरेजवर गेली. जीपचा पुढचा बंपर खालून कापलेला होता. चॅसीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, एक जाड लोखंडी प्लेट बोल्टांनी आवळली होती आणि तिचे दोन कान बाहेर आले होते. जयदीप आणि सुधीर शेजारीच चहा पीत उभे होते.

“हे कुणाला विचारून केलंस?” तिने विचारलं.

“सरप्राईज होतं गं,” जयदीप हसला. “टो बार, म्हणजे ओढायचा दांडा, या कानांना अडकतो. मागच्या दिव्यांची वायरिंगही झाली. तुझी जीप आता आपोआप पिकनिकला येणार!”

बाजूला टो बारचं रिकामं खोकं पडलं होतं. त्यावरच्या चित्रात बारच्या दोन्ही बाजूंना सेफ्टी केबल होत्या, आणि ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या ब्रेक पेडलवर एक यंत्र बसवलेलं होतं. तिने त्यावर बोट ठेवलं. “हे कुठे आहे?”

“ते नाही घेतलं. रस्ता सरळसोट आहे, मोटरहोमचे ब्रेक पुरतात.”

“वहिनी, जीपमध्ये कुणी बसणारच नाही,” सुधीर म्हणाला.

“मोटरहोममध्ये माझी मुलगी बसणार आहे! रस्त्यावर इतरही माणसं असतात. बार तुटला तर जीप त्यांच्या अंगावर जाईल. आणि तुम्ही अचानक ब्रेक मारलात तर एवढं वजन मागून ढकलेल, ते?”

“एवढं काय चिडायचं? एका बंपरसाठी!” जयदीप म्हणाला.

शर्मिलाची कानशिलं तापली. “तुझी गाडी मी न विचारता कापली असती तर चाललं असतं? माझी चालते, कारण ती बायकोची!”

तिने किल्ली घेतली आणि तशीच, फाटक्या तोंडाची जीप चालवत घरी आली. सिग्नलला लोक वळून बघत होते. ती समोर बघत राहिली.

घरी मुलीनेही, सलोनीने, बापाला सुनावलं, “बाबा, इट्स हर कार!” जयदीप दोन दिवस घुश्शात होता. तिसऱ्या दिवशी केबल आल्या, ब्रेकचं यंत्र आलं, आणि जोड तुटला तर आपोआप ब्रेक लावणारा स्विचही आला. शर्मिलाने मोकळ्या मैदानात सगळं जोडायला लावलं. प्रत्येक पिन स्वतः हलवून पाहिली. स्विचची दोरी ओढली, तशी जीपची चाकं जागच्या जागी आवळली. तेव्हाच ती हो म्हणाली.

शुक्रवारी सगळे सुखरूप वाळवंटात पोचले. चहाच्या वेळी जयदीप मित्रांना सांगू लागला, “आमच्या मॅडम जरा घाबरट, म्हणून सगळं सामान घ्यावं लागलं.”

सगळे हसले. शर्मिलाने कप खाली ठेवला. “घाबरट नाही. मला विचारलं असतं तर हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.”

हसणं थांबलं. जयदीप तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “आता सगळं नीट झालं ना? सोड की राग.”

“ब्रेकचा राग गेलाय. न विचारल्याचा अजून आहे.”

तिने टो बारच्या पिना काढल्या, केबल सोडवल्या आणि सलोनीला हाक मारली. मग दोघी जीपमधून वाळूच्या टेकड्यांकडे निघून गेल्या. जयदीपने येऊ का विचारलं होतं. ती नको म्हणाली.