मंगलाबाईंचा नंबर

भोपाळच्या इंद्रपुरीत मंगलाबाईंना ओळखत नाही असं मराठी घर सापडणं कठीण. त्यांचे यजमान भालचंद्रराव, त्यांना तिथल्या मोठ्या कारखान्यात नोकरी होती. लग्न करून त्या अकोल्याहून भोपाळला आल्या आणि इथल्याच झाल्या. भाजीवाल्याशी त्या अशा काही हिंदीत भांडायच्या की तो बिचारा मूठभर कोथिंबीर वर टाकून सुटका करून घ्यायचा. त्यांच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला चार इमली वस्तीतल्या साहेबांच्या बायकांपासून बाग सेवनियाच्या नव्या सुनांपर्यंत रीघ लागायची. वाण हातात पडायच्या आधी प्रत्येकीचा फोन नंबर घेतला जायचा, पुढच्या वर्षीच्या आमंत्रणासाठी. मंगलाबाईंच्या फोनमध्ये निम्म्या भोपाळचं आडनाव 'हळदीकुंकू' होतं.

भालचंद्रराव कारखान्याच्या तपासणी खात्यात होते. मापात न बसणारा भाग बाजूला टाकायचा, हेच त्यांनी जन्मभर केलं. निवृत्तीनंतर मात्र त्यांचंच डोकं मापातून सुटायला लागलं. आधी चष्मा हरवू लागला, मग माणसांची नावं आणि शेवटी घराची वाट. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की हे वाढतच जाणार, नवीन काही आता डोक्यात शिरणार नाही, जुनं टिकेल तेवढं टिकवा.

मंगलाबाईंनी एकच गोष्ट टिकवायची ठरवली, आपला मोबाइल नंबर. पहिला मोबाइल घरात आला तेव्हापासूनचा, भालचंद्ररावांनीच पसंत करून घेतलेला. रोज सकाळी चहाचा कप पुढे करण्याआधी त्या विचारायच्या, "अहो, आपला नंबर?" आणि ते पाढा म्हणावा तसे दोन दोन आकडे म्हणत थेट शेवटच्या सदतीसपर्यंत जायचे. बायकोचं नाव चुकायचं, पण नंबर कधी चुकला नाही. बाहेर भरकटले तरी रस्त्यावरच्या कुणालाही ते नंबर सांगायचे, फोन यायचा आणि मंगलाबाई रिक्षा करून त्यांना घेऊन यायच्या. एकदा तर थेट स्टेशनवरून आणलं.

नवऱ्याला सोडून बाहेर पडता येईना, तेव्हा त्यांनी घरच्या घरी फराळ विकायला सुरुवात केली. घरखर्चाला हातभार लागत होता, पण खरं सांगायचं तर चार बायकांशी बोलणं व्हायचं ते त्या चकल्या-अनारशांमुळेच. ऑर्डरी याव्यात म्हणून सगळ्या हळदीकुंकवाला एकाच वेळी मेसेज जायचा. गणपतीत मोदक, दिवाळीत चिवडा आणि मधल्या काळात काही नाही तर मेतकूट.

त्यांची भाची केतकी एका कंपनीत नेमकं हेच काम करायची. जाहिरातीचे मेसेज पाठवणाऱ्या दुकानदारांची नोंदणी करून देणं, मेसेजचा मजकूर मंजूर करून घेणं. तिनं मावशीचा उद्योग पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"मावशी, अगं हे असं नाही चालत. धंद्याचा मेसेज स्वतःच्या नंबरावरून पाठवायचा नसतो. रजिस्ट्रेशन लागतं. आणि ज्यांना पाठवतेस त्यांची आधी परमिशन लागते, लेखी. नको म्हणायची सोय पण द्यावी लागते."

"परमिशन? कपाळाला कुंकू लावून घेतलं माझ्याकडून, ओटीत वाण घेतलं. आता आणखी कसली परमिशन?"

"ती हळदीकुंकवाची गं. चकलीची नाही."

"चल, काहीतरीच तुझं!" म्हणून मंगलाबाईंनी तिच्या डब्यात चकल्या भरल्या आणि विषय संपला.

दिवाळीत त्यांच्या फोनवरून बाहेर फोन लागेनासे झाले. तक्रारी आल्यात, असा फोन कंपनीचा इशारा आला होता, तोही इंग्रजीत आणि कर्जाच्या, जमिनीच्या, जुगाराच्या नकोशा मेसेजांच्या ढिगात. तो ढीग मंगलाबाई कधी वाचत नसत. फोन येत होते, म्हणजे भालचंद्रराव सापडत होते, मग त्यांना कसली काळजी? नेटवर्कच्या नावानं बोटं मोडून त्या मोकळ्या झाल्या. काही दिवसांनी फोन लागायला लागले. संक्रांत जवळ आली आणि गुळपोळीचा मेसेज पुन्हा सगळ्यांना गेला.

या वेळी नंबर कायमचा बंद झाला.

फोन कंपनीच्या दुकानातल्या मुलीनं कॉम्प्युटरवर पाहिलं. "आंटी, आपके नंबर की बहुत शिकायतें हैं। मेसेज आपने भेजे थे?"

"हाँ, हमनेच भेजे थे। गुळपोळी के।"

"फिर तो कुछ नहीं हो सकता।"

मंगलाबाईंनी नवऱ्याचं दुखणं सांगितलं, रडल्या, हात जोडले. मुलगी भली होती, तिनं पाणी दिलं. केतकीनं आपल्या ऑफिसातल्या साहेबांना गाठलं, अर्ज केले. चुकीची तक्रार असती तर काही करता आलं असतं, पण इथे तक्रार खरी होती आणि नियमही काही वाईट नव्हता. मावशीच्या नावावर आता नंबर मिळणार नव्हता, म्हणून तिनं स्वतःच्या नावावर तिला नवीन सिम घेऊन दिलं.

तक्रार करणाऱ्यांत वसुधाही निघाली, मंगलाबाईंची जुनी मैत्रीण. ती बिचारी रडवेली होऊन आली.

"मुलानं अ‍ॅप टाकून दिलं होतं गं. म्हणाला, विक्रीचा मेसेज आला की इथे दाबायचं. मी दाबलं. तुझे अनारसे नकोत असं थोडंच म्हणायचं होतं मला!"

मंगलाबाईंनी तिलाही चहा केला. भांडायला त्यांच्यात त्राण नव्हतं.

नवा नंबर भालचंद्ररावांच्या डोक्यात शिरेना. मंगलाबाईंनी तो कापडाच्या पट्टीवर लिहून त्यांच्या सदऱ्याच्या खिशावर शिवला. त्यांनी तो निरखून वाचला, तपासणी खात्यात वाचायचे तसा, आणि टाके उसवून पट्टी बाजूला ठेवली. "हा आपला नाही," म्हणाले. पुन्हा शिवली, पुन्हा उसवली. सकाळच्या चहाला मात्र जुना नंबर बिनचूक यायचा.

मग एका दुपारी मंगलाबाई आंघोळीला गेल्या आणि ते कडी काढून बाहेर पडले.

अंधार पडायच्या सुमारास केतकीला ते पिपलानीच्या बाजारात एका औषधाच्या दुकानाच्या पायरीवर बसलेले सापडले. दुकानदारानं पुन्हा पुन्हा फोन लावून पाहिला होता. "बाबूजी को नंबर याद नहीं है," तो म्हणाला. "कब से ग़लत बता रहे हैं।" भोवती जमलेल्यांनी त्यांना आठवायला सांगितलं होतं, ठीक से सोचिए म्हटलं होतं, कुणी हसलंही होतं. ते दर वेळी तोच नंबर पुन्हा म्हणत राहिले होते. केतकी पोचली तेव्हा गप्प झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगलाबाईंनी चहा केला. सवयीनं तोंडातून निघून गेलं, "अहो, आपला नंबर?"

भालचंद्ररावांनी मान हलवली. "मला येत नाही. सगळे म्हणाले, चुकीचा आहे."

"नाही हो, बरोबर आहे." मंगलाबाईंना रडू आवरेना. "तुमचा अगदी बरोबर आहे."

भालचंद्ररावांनी पुढ्यातला कप बाजूला सारला.

"मग तू उचलत का नव्हतीस?"