गादीखालचा चौदा नंबर

रविवार, ११ जानेवारी. सकाळी सव्वाआठ. घरात हजर: मी; बायको, स्वयंपाकघरात; मोठी बहीण, आर्णीहून बाळंतपणाच्या मदतीला आलेली; मुलगी, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी; आणि तिची नऊ दिवसांची लेक. जावई नागपूरहून निघाले होते, अजून बसमध्ये होते.

बाळाचं टोपडं गादी आणि भिंतीच्या फटीत सरकलं होतं. मुलीने ते काढायला गादीच्या उशाकडून डावा हात खाली सारला आणि लगेच बाहेर काढला. ओरडली नाही. गादीखाली माझी सुरी होती. तिची धार लागताना दुखत नाही, क्षणभर नुसतं गार वाटतं. मग चादर लाल व्हायला लागली, तेव्हा ती "बाबा" म्हणाली.

तर्जनी मुळाशी चिरली होती. बोट वाकवणाऱ्या दोन दोऱ्या असतात, डॉक्टरांनी नंतर कागदावर काढून दाखवल्या. दोन्ही तुटल्या होत्या, आणि एका बाजूची संवेदना देणारी नसही. वणीत पट्टी बांधली आणि यवतमाळला न्या म्हणाले. राजूर ते वणी ते यवतमाळ, मांडीवर बाळ घेतलेली बायको, शेजारी हात वर धरून बसलेली मुलगी, तिच्या पलीकडे बहीण, आणि पुढच्या सीटवर मी. पूर्ण रस्ता मी एकच हिशेब करत होतो. मुलगी लॅब टेक्निशियन आहे. रक्त घेताना सुई उजव्या हातात असते, पण शीर सापडते ती डाव्या तर्जनीने. त्या एका बोटाच्या टोकावर तिची नोकरी आहे.

मी रागात होतो. अजून आहे. हे शांत डोक्याने लिहायला हवं, पण तसं जमेपर्यंत थांबलो तर लिहिलंच जाणार नाही.

आधी सुरीबद्दल. मी खाणीच्या वर्कशॉपमध्ये स्टोअर सांभाळतो. पोलादाशी रोजचा संबंध, त्यातून हौस लागली. भंगारवाल्याकडे ट्रकच्या तुटलेल्या कमानी, मोठ्या बेअरिंगच्या रिंगा, झिजलेल्या कानशी मिळतात. त्या घ्यायच्या आणि मुकुटबनकडच्या एका लोहाराकडून शिकारी घाटाच्या सुऱ्या करून घ्यायच्या: आखूड, जाड पाठीच्या, न मिटणाऱ्या, पात्याचं पोलाद मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं. शिकार मी कधी केली नाही, करणारही नाही. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, बोकड सोलायला गावात मला बोलावतात, नदीचे मासे मीच साफ करतो, आणि चांगलं पातं हातात आलं की मला बरं वाटतं. एकूण बावीस सुऱ्या. वहीत प्रत्येकीचं पान: पोलाद कशाचं, कोणत्या तेलात विझवलं, मूठ कशाची, धार कधी लावली.

चौदा नंबर बेअरिंगच्या रिंगची. भट्टीतून आल्यावर तिच्यावरची काळी साय मी घासून काढली नाही, धारेपुरतीच पांढरी केली. साडेचार इंच पातं, पोटाला गोलाई, तिवसाच्या लाकडाची मूठ. दोन महिने रोज संध्याकाळी दगडावर आणि मग चामड्याच्या पट्ट्यावर बसलो तेव्हा ती धार आली. हातावरचे केस न ओढता उतरतात. एक आख्खा बोकड सोलला आणि नंतर वर्तमानपत्राचा कागद कापून पाहिला, तरी कागद फाटला नाही, कापला गेला. बेअरिंगचं पोलाद नीट विझवलं तर हे देतं. कमानीचं पोलाद एवढं देत नाही. ते मार सोसतं, पण धार लवकर जाते.

असलं पातं म्यानात ठेवायचं नसतं. चामडं ओल धरतं, पात्याला डाग पडतात. म्हणून माझ्याकडे म्यानं वेगळ्या पिशवीत आणि सुऱ्या तेल लावून, सुती फडक्यात गुंडाळून पेटीत. नियम बरोबर आहे. कोणत्याही जाणकाराला विचारा, हेच सांगेल. आणि त्याच नियमामुळे चौदा नंबर नुसत्या फडक्यात गादीखाली गेली.

पाचवीच्या दिवशी बाळंतिणीच्या उशाशी लोखंड ठेवतात. बाळाला काही बाधू नये म्हणून. विळा, अडकित्ता, नाहीतर एखादी जुनी बोथट सुरी. मला ते पटत नाही, पण मी आडवा येत नाही. त्या बुधवारी मी स्टोअरमध्ये वार्षिक मोजणीला बसलो होतो. बहिणीचा फोन आला.

"बाबू, आज पाचवी हाय. पोरीच्या उशाशी लोखंड पायजे."

"मंग ठेव ना. सुऱ्या पडल्या हायेत स्वयंपाकघरात."

"त्या स्टेनलेसच्या. ज्याले गंज नाई चढत ते कायचं लोखंड, असं तूच त सांगत राह्यतं सगळ्याइले. आपला विळा कुठी हाय?"

"तो नाई आता."

"नाई म्हंजे? तुह्या पोरीच्या पाचवीले तोच ठेवला होता."

"नाई म्हंजे नाई, ताई."

विळा मी लोहाराला दिला होता. तुकडा कापून सुरी करून घेतली, एकोणीस नंबर. पोलाद नव्हतंच ते, साधं मऊ लोखंड. धार एक दिवस टिकत नाही. वहीत मी 'निरुपयोगी' असा शेरा मारला आहे. घरातली एकमेव बोथट, सुरक्षित, उशाशी ठेवण्याजोगी वस्तू मी हौसेपायी कापून टाकली आणि वर तिला निरुपयोगी ठरवलं.

"तुह्या पेटीतली एक घेऊ काय मंग?" ताईने विचारलं.

"घे ना. काळी दिसते ते घेजो. चमकते त्याइले हात नको लावू."

"धार त नाई ना लय तिले?"

"ताई, मी मोजून राह्यलो. मंग बोल." आणि मी फोन ठेवला. चमकवलेल्या पात्यांना बोटांचे डाग पडू नयेत, एवढंच डोक्यात होतं.

वर्कशॉपमधून एक नट बाहेर गेला तरी मी सही घेतो. घरी गेल्यावर कोणती नेली, म्यान घातलं का, एवढं विचारायला मला दोन मिनिटं मिळाली नाहीत. बुधवार ते रविवार, चार दिवस माझी नात त्या धारेच्या वीतभर वर झोपली होती. हे मला आठवतं तेव्हा मी जिथे असेन तिथून उठून बाहेर जातो.

ऑपरेशन संध्याकाळी झालं. जावई थेट दवाखान्यात आले होते. शांत माणूस आहे, मोठ्याने कधी बोलत नाही. त्या दिवशी बोलले.

"मामाजी, हे खेळणी हायेत काय? घरात लहान बाळ येणार हे नऊ महिन्यांपासून माहीत होतं ना? ती पेटी त्या घरात राहील, तर माझी बायको-पोरगी राहणार नाही."

मी मान हलवली. पलंगावर मुलगी होती, डावा हात प्लास्टरच्या पट्टीत वर टांगलेला. तिने आत्याकडे पाहिलं.

"आत्या, बाबाले विचारलं होतं काय तुनं?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. तिने वाट पाहिली, हे मला मान्य केलं पाहिजे. मी सांगावं म्हणून तिने चांगली संधी दिली. माझ्या हातात दवाखान्याचे कागद होते आणि मी ते तारखेप्रमाणे लावत होतो. केसपेपर, रक्ताचा रिपोर्ट, संमतीपत्र. लावून झाले तरी पुन्हा लावले.

"नाई व माय," ताई म्हणाली. "म्याच काढली. मले काय माईत एवढी धार असन."

"विचारायचं तरी! माझी पोरगी त्याच्यावर झोपून राह्यली होती, आत्या! तुह्या त्या पाचवीपायी!"

मी कागद तिसऱ्यांदा लावायला घेतले. जावई समोर उभे होते, तेवढंच कारण. तेवढं पुरलं.

घरी आल्यावर लोक यायला लागले. शेजारच्या दोघी, शिऱ्याचा डबा घेऊन. एक म्हणते, "बरं झालं भाऊ, बोटावर निभावलं. पोरीवरचं होतं ते आईवर गेलं. लोखंडानं काम केलं आपलं."

"केलं ना काकू. हाडापर्यंत केलं," मी म्हणालो. "तुमच्या सुनेच्या उशाशी पाठवू काय? अजून एकवीस हायेत."

डबा ठेवून निघून गेल्या. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मला त्यांचा राग आलाच पाहिजे होता, असं मी अजूनही म्हणतो. कापलेल्या बोटाचा अर्थ लावत बसतात. हात कापला कारण धारदार पात्यावर पडला. यात लोखंडाची कृपा कुठे आली?

पण दुसरे लोकही काही कमी नाहीत. सुऱ्यांची हौस असणाऱ्यांचा फोनवर एक ग्रुप आहे. मी तिथे लिहिलं की घरात अपघात झाला, म्यानाशिवाय पाती ठेवत असाल तर कुलपात ठेवा. चारपाच जणांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. एकाने विचारलं: "दादा, शेवटची धार कधी लावली होती?" आणि मी, मुलगी आतल्या खोलीत वेदनेची गोळी घेऊन पडलेली असताना, उत्तर लिहिलं: "आठ महिने झाले. मधी एक बोकड." त्याने टाळ्या पाठवल्या. लिहिताना मला बरं वाटलं होतं, हे इथे लिहून ठेवतो. नंतर ग्रुप सोडला. सोडून काय होतं?

पेटी लोहाराकडे नेऊन ठेवली. विकली नाही, मोडली नाही. जावयांना 'घरातून गेली' एवढंच सांगितलं, आणि ते खरं आहे.

ताईचा मुक्काम सव्वा महिन्याचा ठरला होता. मुलगी तिच्या हातचं पाणी घेईना. ताईने तेल गरम करून आणलं की बाळाला घट्ट धरून भिंतीकडे तोंड करी. तिसऱ्या दिवशी ताईने पिशवी भरली. मी तिला गाडीवर बसवून वणीच्या स्टँडवर सोडलं. आर्णीची बस लागायची होती. तिथे मी तिच्यावरच ओरडलो.

"तुले कोण सांगितलं होतं खोटं बोलाले? म्या म्हटलं होतं काय, मले वाचव म्हणून?"

"तू कुठी काही म्हणून राह्यलता? कागद मोजून राह्यलता तू."

"मग सांगायचं ना खरं! म्हणायचं, यानंच सांगितली काळी घे म्हणून!"

"हळू बोल, लोक पाहून राह्यले." तिने पदर सारखा केला. "अन् सांगून काय झालं असतं? आत्याचा राग केला त आत्या आर्णीले जाते. बापाचा राग केला त ते ओली बाळंतीण जाईन कुठी?"

मला तिचा राग आला तो याच गोष्टीचा. तिने माझ्यापेक्षा लवकर आणि नीट विचार केला होता, आणि त्याची किंमत स्वतःवर घेऊन मोकळी झाली होती.

"सांगजो तिले," बस आली तेव्हा ती म्हणाली. "पण आता नको. दूध आटंन तिचं. बोट वाकू दे, मंग सांग."

पट्टी निघाली. व्यायाम सुरू झाले. मी तक्ता करून भिंतीला लावला: तारीख, किती वेळा, बोटाचं टोक तळव्यापासून किती लांब. सुरुवातीला चार बोटं लांब होतं. मग तीन. मग बरेच दिवस अडीचवरच अडकलं आणि मुलगी बाळाला पाजताना मुकाट रडायची. अडीचवर अडकलेल्या दिवसांत मी सुटल्यासारखा होतो, कारण ताईची अट पुरी होत नव्हती. हे मला स्वतःबद्दल कळलं तेव्हा मी तक्ता भिंतीवरून काढला, आणि दुसऱ्या दिवशी परत लावला.

ताई दर दोन दिवसांनी फोन करते. मुलगी घेत नाही. बायको फोन घेऊन अंगणात जाते आणि हळू आवाजात बोटाची खबर देते.

आज सकाळी टोक तळव्याला टेकलं. मुलीने आईला हाक मारली, मला हाक मारली, पुन्हा पुन्हा मूठ करून दाखवली. मग म्हणाली, "बाबा, बसा इथे. बाही वर करा." माझा हात उशीवर ठेवला, दंडाला ओढणी बांधली आणि डोळे मिटून डाव्या तर्जनीने कोपराच्या वळणात चाचपायला लागली. बोट वाकतं, पण एका बाजूने अजून बधिर आहे. आधी शिरेच्या बाजूलाच दाबत होती. मग थोडी सरकली, थांबली, परत पहिल्या जागी गेली.

"आत्याचा फोन आला त सांगू नका, बोट वाकलं म्हणून," डोळे न उघडता ती म्हणाली. "तिले कायले बरं वाटू द्यायचं?"

घरात आम्ही तिघंच होतो. बाळ झोपलं होतं. बायको दारात उभी होती आणि माझ्याकडे पाहत होती. तिला सगळं माहीत आहे असं मला वाटतं, पण मी विचारलेलं नाही. वाक्य तयार होतं. फोन मीच ठेवला, काळी घे असं मीच म्हणालो. फार मोठं वाक्य नाही.

"हलू नका ना बाबा."

"नाही हलत," मी म्हणालो. "मूठ दहा वेळा झाली काय? अजून पाच वेळा कर."

दुपार झाली. तक्त्यात आजची ओळ भरली आहे. तिला अजून सांगितलेलं नाही.